धानाच्या मुलखातले व्यासपीठ : गोंदिया जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालये आणि त्यांची व्याख्याने

ग्रंथालयाच्या दफ्तरात सर्वांत मानाची वही कोणती, तर दाखल नोंदवही. पुस्तक दारात आले की तिच्यात त्याची नोंद होते : दाखल क्रमांक, तारीख, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, पृष्ठे, किंमत, विक्रेत्याचे नाव, बिलाचा क्रमांक आणि शेवटी शेरा. पुढे त्या पुस्तकाला वाळवी लागो, वाचक ते हरवो की ते रीतसर निर्लेखित होवो, त्याचा क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला मिळत नाही. शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ पडते, एवढेच. त्यामुळे कोणे एके काळी चार आण्यांना घेतलेल्या कादंबरीचाही माग काढता येतो. त्याच ग्रंथालयाच्या ओसरीवर झालेल्या व्याख्यानाचा माग मात्र लागत नाही. त्याची निमंत्रणपत्रिका कुणाच्या तरी ट्रंकेत पडून असते, कात्रण पिवळे पडून फाटते, आणि जमाखर्चात ‘हार, नारळ, शाल, चहा’ अशी एक ओळ तेवढी शिल्लक राहते.

म्हणून ग्रंथालयांचे इतिहास बहुतेक कपाटांच्या बाजूने लिहिले जातात. ग्रंथसंख्या इतकी, सभासद इतके, इमारत अमुक साली, कार्यकारिणी अशी. स्मरणिकेतले हे प्रकरण सतरंजीच्या बाजूने लिहिले आहे. आपल्या जिल्ह्यात ग्रंथालय या संस्थेने लोकांना एकत्र कसे बसवले, त्यांना काय ऐकवले आणि त्यासाठी पैसा कुठून आणला, हा इथला विषय.

गोंदिया हे रेल्वेने घडवलेले गाव. १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत नागपूरहून छत्तीसगडकडे लोहमार्ग गेला. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो पुढे आपल्याकडे घेऊन रुंद केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सातपुड्यातून जबलपूरकडे छोटी लाइन निघाली आणि गोंदिया जंक्शन झाले. मग राईस मिल आल्या, विडीचे कारखाने आले, तेंदूपत्त्याचे व्यापारी आले. गुजराती, मारवाडी, छत्तीसगढी अशी माणसे स्थिरावली. बाजारात हिंदी, कचेरीत मराठी, घरात पोवारी किंवा झाडीबोली, सालेकसा-देवरीच्या जंगलपट्ट्यात गोंडी, असा इथला भाषांचा संसार आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात तर १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहतही आहे. पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयाला ‘मराठी ग्रंथसंग्रहालय’ असे नाव घेऊन चालते. गोंदियाच्या वाचनालयात मात्र मराठी कादंबऱ्यांच्या शेजारी हिंदीचे कपाट असावेच लागते. इथल्या वक्त्यालाही हे ठाऊक असते. मराठीत सुरुवात करून दृष्टांतापुरते हिंदीत शिरणे आणि पुन्हा मराठीत परतणे ही गोंदियाच्या व्यासपीठाची जुनी सवय. शुद्धतेच्या आग्रही मंडळींना ती खटकते. श्रोत्यांना कधीच खटकत नाही.

रेल्वेमुळे आणखी एक सोय झाली. नागपूरची वृत्तपत्रे डाकगाडीने येऊ लागली आणि त्याच मार्गाने वक्तेही. नागपूर इथून साधारण सव्वाशे ते दीडशे किलोमीटरांवर. वक्ता सकाळी निघून संध्याकाळी बोलून रात्री परत जाऊ शकतो. मुक्कामाचा खर्च वाचतो. आज विदर्भ एक्सप्रेस आणि महाराष्ट्र एक्सप्रेस या दोन्ही गाड्या गोंदियाहूनच सुटतात. कार्यक्रमाची वेळ ठरवताना कार्यवाहाच्या हातात आधी वेळापत्रक असते, पंचांग नंतर.

पण रेल्वेच्या कितीतरी आधीपासून या मुलखाला रात्र रात्र बसून ऐकायची सवय होती, हे विसरून चालणार नाही. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाहुणचार, रात्री दंडार, खडीगंमत किंवा झाडीपट्टीचे नाटक. लेकी-जावई येतात, शेजारच्या गावचे लोक बैलगाडीने, आता ट्रॅक्टरने येतात, आणि पहाटेपर्यंत कुणी हलत नाही. त्याच्या जोडीला कीर्तन, भजन, पुढे तुकडोजी महाराजांची खंजिरी. म्हणजे ग्रंथालयाने या जिल्ह्यात श्रोता तयार केला, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. श्रोता तयार होता. ग्रंथालयाने त्याला विषय नवे दिले.

आणि त्या श्रोत्याचे वर्ष धानावर चालते. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. त्या दिवसांत बाई-माणूस सगळे बांधीत असतात, आणि गुडघाभर चिखलातून आलेल्या माणसाला रात्री आठ वाजता मर्ढेकरांच्या कवितेवर बोलावणे हा अन्याय आहे. ऑक्टोबरात हलके धान कापणीला येते, त्यानंतर भारी धान, मग चुरणे, मग विक्री. मे महिना तेंदूपत्त्याचा. उरतात पौष-माघ. म्हणून गोंदिया-भंडाऱ्याकडे व्याख्यानाचा खरा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीचा. पुण्याची व्याख्यानमाला वसंतात बसते, आपली थंडीत बसते, शेकोटी दूर नको आणि शाल फक्त वक्त्यालाच मिळते याची थोडी असूया मनात ठेवून. एवढा साधा हिशेब चुकवून ऑगस्टात सप्ताह ठरवणाऱ्या समित्याही असतात. मग रिकाम्या खुर्च्यांना ‘वाचनसंस्कृती लोपत चालली आहे’ हे कारण सापडते.

ग्रंथालय आणि व्याख्यान यांची सांगड महाराष्ट्रात कशी पडली, हे थोडे मागे जाऊन पाहू. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, अकोल्याचे बाबूजी देशमुख वाचनालय १८६० चे. सुरुवातीची ही वाचनालये साहेब, सरकारी नोकर आणि शहरातले शिकलेले यांच्यासाठी होती. वर्गणी भरणारा वाचणार, बाकीचे बाहेर. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी ज्ञानाचा दुसरा दरवाजा हवा, हा विचार पुढे आला. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि तिच्या नमुन्यावर गावोगाव माला निघाल्या. विदर्भात १९२३ च्या संक्रांतीला, १४ जानेवारीस, अमरावतीत विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला. दादासाहेब खापर्डे त्याचे पहिले अध्यक्ष. पुढे संघ नागपुरात आला आणि पूर्व विदर्भातल्या लहान गावांना वक्ते मिळण्याचे एक हक्काचे ठिकाण झाले.

या सगळ्यात आपल्याला सर्वांत जवळचा वाटावा असा प्रयोग मात्र महाराष्ट्राबाहेर झाला, एका मराठी राजाच्या राज्यात. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुले शाळेतून बाहेर पडून पुन्हा निरक्षर होऊ नयेत, तर गावात पुस्तक हवे, हे त्यांच्या लक्षात आले. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास आणले. बॉर्डन १९१३ पर्यंत राहिले. एवढ्या अवधीत मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, ग्रंथपालांचे प्रशिक्षण सुरू झाले, स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग झाले. महाराजांनी स्वतःच्या राजवाड्यातला संग्रह या ग्रंथालयाला दिला. ग्रंथालयाचे नियतकालिक १९१२ पासून निघू लागले, त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभागही होता.

पैशाची व्यवस्था अशी : गावाने एक हिस्सा गोळा करायचा, तेवढाच हिस्सा प्रांत पंचायतीने द्यायचा आणि तेवढाच सरकारने. फुकट काहीच नाही, पण गावाने एक रुपया काढला तर त्याचे तीन होतात. ज्या गावात ग्रंथालय उभे राहण्यासारखे नव्हते तिथे फिरत्या पेट्या जात. पेटीत थोडकी पुस्तके, सोबत यादी, वाहतूक सरकारच्या खर्चाने. वाचून झाले की पेटी परत आणि दुसरी पेटी हजर.

आणि त्याच खात्याचा एक भाग होता दृश्य शिक्षणाचा. त्याच्याकडे मॅजिक लँटर्न होता, काचेच्या पट्ट्या होत्या, डोळ्याला लावून पाहायची दुहेरी चित्रे होती, पुढे चलच्चित्राचे यंत्रही आले. कर्मचारी ते सामान घेऊन गावात जात. अंधार पडला की पांढरा पडदा ताणायचा, दिवा पेटवायचा आणि पडद्यावर चित्र पडले की त्यावर बोलायचे. वाचता न येणाऱ्या माणसालाही ग्रंथालयाचा सभासद मानणारी ही भारतातल्या पहिल्या काही व्यवस्थांपैकी एक. आज जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेच्या पटांगणात ग्रंथालयाचा प्रोजेक्टर लागतो तेव्हा त्याचा पूर्वज काचेच्या पट्टीवर सापडतो. फरक एवढाच, की तेव्हा दिवा जाईल अशी भीती असे, आता वीज जाईल अशी असते.

आपल्याकडे मात्र सयाजीराव नव्हते. भंडारा जिल्हा, ज्यात गोंदिया होते, मध्य प्रांतात मोडत होता. मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये ए. ए. ए. फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय समिती नेमली गेली, कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला, हैदराबाद राज्यात १९५५ मध्ये झाला. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राला योजना मिळाली, मराठवाड्याला कायदा मिळाला. विदर्भाच्या पदरी यातले काही नव्हते. इथली वाचनालये देणगीवर, वर्गणीवर आणि एखाद्या शिक्षकाच्या किंवा वकिलाच्या हट्टावर जगली. गोंदिया शहरातले शारदा वाचनालय हे नाव शहराबाहेरही परिचयाचे झाले ते अशा लोकाश्रयावरच.

याच काळात या भागातल्या माणसाने मोठी भाषणे ऐकली, ती बहुधा मैदानात. १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. दोन जागांचा मतदारसंघ. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता. मेहता निवडून आले, बाबासाहेब पराभूत झाले. पराभवाची नोंद इतिहासात झाली. त्या निमित्ताने खेडोपाडी जे राजकीय शिक्षण झाले त्याची नोंद करायला कुणी बसले नव्हते. दोनच वर्षांनी नागपूरची दीक्षा झाली, आणि मग विहार, जयंती मंडळे आणि त्यांच्या आश्रयाने लहान लहान वाचनालये निघाली. १४ एप्रिलच्या निमित्ताने सलग अठरा तास अभ्यास करण्याची प्रथा आज कितीतरी ग्रंथालयांत पाळली जाते. व्याख्यानाला पर्याय म्हणून गप्प बसून वाचणे हाच सार्वजनिक कार्यक्रम करावा, ही कल्पना मला तरी फार आवडते.

१९५८ मध्ये मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. हायस्कुले आणि महाविद्यालये खेड्यांजवळ आली आणि पहिल्यांदाच असा वर्ग तयार झाला, जो धानाच्या बांधीतून आला होता आणि शुक्रवारी पुस्तक बदलायला वाचनालयात येत होता. प्राध्यापकही आले. हे मोठे काम. कारण तोवर वक्ता बाहेरून आणावा लागत होता. आता तो दोन गल्ल्या सोडून राहत होता आणि त्याला प्रवासखर्च लागत नव्हता.

१९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम संमत झाला आणि १ मे १९६८ पासून अमलात आला. या कायद्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. मद्रास राज्याने १९४८ च्या कायद्यात ग्रंथालय कर बसवला होता. महाराष्ट्राने कर बसवला नाही आणि ग्रंथालये सरकारी खात्यात ओढलीही नाहीत. ती नोंदणीकृत संस्थांच्याच हाती ठेवली आणि त्यांना मान्यता, वर्ग आणि अनुदान दिले. अ, ब, क, ड असे वर्ग. ग्रंथसंख्या, वर्तमानपत्रे, सभासद, उघडे राहण्याचे तास, कर्मचारी यांवर वर्ग ठरतो. संस्था लोकांची राहिली हा या रचनेचा गुण, आणि संस्था लोकांच्याच खिशावर राहिली हा दोष. १९७० च्या नियमांनी अनुदानाची घडी बसली, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाकडून पुस्तके मिळू लागली.

आता आकडा पाहा. ड वर्गाच्या ग्रंथालयाला दीर्घकाळ वर्षाला ३० हजार रुपये अनुदान होते. निम्मे वेतनावर, निम्मे वेतनेतर खर्चावर. म्हणजे ग्रंथपालाला महिन्याला १२५० रुपये. उरलेल्या १५ हजारांत पुस्तके, वर्तमानपत्रे, भाडे, वीज, लेखापरीक्षण. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, आणि ती हवीच होती. पण या हिशेबात व्याख्यान बसवायचे कुठे? वक्त्याचे मानधन, गाडीभाडे, माईक, सतरंजी, चहा. ते कार्यकारिणीच्या खिशातून, एखाद्या राईस मिलवाल्याच्या देणगीतून, किंवा कुणाच्या तरी वडिलांच्या स्मृतिप्रीत्यर्थ होते. ‘स्मृती व्याख्यानमाला’ हा प्रकार महाराष्ट्रात इतका फोफावला त्यामागे पितृभक्तीइतकेच हे अर्थकारणही आहे. आणि त्यात वाईट काही नाही, फक्त देणगीदाराच्या भाषणाला व्याख्यात्यापेक्षा जास्त वेळ मिळू नये, एवढी अट घालता आली तर बरे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव असे आठ तालुके. जिल्ह्याबरोबर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याचे कार्यालय आले. तोवर सालेकशाच्या कार्यवाहाला अहवाल द्यायला भंडाऱ्यापर्यंत जावे लागे. आता निदान तो खेटा कमी झाला. ग्रंथालय संचालनालयाच्या वतीने जिल्ह्याजिल्ह्यात ग्रंथोत्सव भरू लागले, तसा तो आपल्याकडेही. सकाळी ग्रंथदिंडी. पालखीत संविधान, ज्ञानेश्वरी, ग्रामगीता. पुढे लेझीम खेळणारी मुले, मागे डोक्यावर फेटे बांधलेले ग्रंथपाल. मग उद्घाटन, परिसंवाद, कविसंमेलन, पुस्तकांची दुकाने. उद्घाटन लांबते आणि परिसंवाद गुंडाळावा लागतो, ही तक्रार सर्व छत्तीस जिल्ह्यांत सारखीच असावी. पण दुकानांसमोर उभे राहून स्पर्धा परीक्षेचे पुस्तक चाळता चाळता शेजारचा कवितासंग्रह उघडणारी मुलगी याच उत्सवात दिसते. जिल्ह्यात चांगले पुस्तकाचे दुकान किती, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या दोन दिवसांचे मोल सांगावे लागत नाही.

वर्षाचे इतर दिवसही आता ठरल्यासारखे झाले आहेत. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांची जयंती, १२ ऑगस्टला रंगनाथन यांच्या नावाने ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, १४ ते २० नोव्हेंबर ग्रंथालय सप्ताह. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पुस्तक देण्याची पद्धत काही ठिकाणी रुजली, ती या सगळ्या शासकीय दिनांपेक्षा अधिक कामाची आहे. स्टीलच्या वाटीची जागा पुस्तकाने घेतली की ते घरात जाते, आणि घरात गेलेले पुस्तक कुणीतरी उघडतेच.

व्याख्यानाला विषय शोधायला या जिल्ह्याला दूर जावे लागत नाही. आमगावजवळचे पद्मपूर घ्या. भवभूती आपल्या नाटकाच्या प्रस्तावनेत सांगतो, की आपण दक्षिणापथातल्या विदर्भातील पद्मपूरचे, काश्यप गोत्राचे, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी. पण हे पद्मपूर कुठले? महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी ते आमगावजवळचे, असे मांडले. त्यांच्या हाती पुरावा होता तो दुर्ग जिल्ह्यात सापडलेल्या वाकाटकांच्या ताम्रपटाचा, जो पद्मपुराहून दिला गेला होता. वाकाटकांचे ठाणे असलेले पद्मपूर पूर्व विदर्भातच असणार, आणि आमगावच्या गावाशेजारी प्राचीन अवशेषही आहेत, असा तो तर्क. मतभेद आहेत, असावेतही. मात्र या विषयावर बोलणाऱ्याने मिराशींचे अनुमान आणि गावाचा अभिमान यांतली सीमारेषा श्रोत्यांना दाखवावी. ताम्रपटावरून स्थळ कसे ठरवतात हे एकदा समजले की ऐकणारा पुढच्या वेळी कुठल्याही इतिहासाला ‘पुरावा काय?’ असे विचारतो. भवभूतीची नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत जमलेल्या लोकांपुढे झाली, असे त्याच प्रस्तावनांत आहे. यात्रेत नाटक! आपल्या मंडईला याहून जुना दाखला कुठला हवा?

नवेगावबांधचे तळे आणि मारुती चितमपल्ली हा दुसरा विषय. वन खात्याच्या नोकरीत चितमपल्लींचा इथे मुक्काम होता. कोहळी पाटलांनी बांधलेल्या या तळ्याचे पक्षी, झाडे आणि माणसे त्यांच्या लिखाणात आली. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांच्या पुस्तकावर बोलताना सारसाचा विषय आपसूक निघतो. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः याच जिल्ह्यात. तो पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटे करतो. घरट्याभोवतीची थोडी जागा न रोवता ठेवावी लागते, म्हणजे नुकसान शेतकऱ्याचे. त्यामुळे सारसावरचे व्याख्यान पक्षिप्रेमींसमोर देऊन उपयोग नाही. ते बांधीच्या मालकासमोर, त्याच्या गावच्या वाचनालयात, रोवणीच्या आधी व्हायला हवे.

तिसरा विषय सिकलसेलचा. पूर्व विदर्भात हा आजार आहे आणि त्याबद्दल बोलायला घरे कचरतात. ग्रंथालयाच्या फळ्यावर डॉक्टरांनी चार चौकोन काढावेत. आई वाहक, वडील वाहक. प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता मूल आजारी असण्याची, दोन शक्यता वाहक असण्याची, एक पूर्ण निरोगी. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो, म्हणून तो तपासत नाही. बोटाच्या थेंबभर रक्तावर प्राथमिक चाचणी होते, शंका आली तर इलेक्ट्रोफोरेसिस. लग्न ठरण्यापूर्वी दोघांची तपासणी झाली तर पुढचे दुःख टळते. एवढे चार चौकोन एखादा पंचवीस पानी माहितीग्रंथ करू शकत नाही ते काम करतात, कारण फळ्यासमोर बसलेली आजी हात वर करून विचारते, ‘मग आमच्या पोराचा काय दोष?’

गेल्या काही वर्षांत ग्रंथालयाच्या सभागृहावर हक्क सांगणारा एक नवा श्रोता आला आहे : स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी. अभ्यासिका सकाळी उघडते ती रात्री बंद होईपर्यंत भरलेली. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. त्याला मार्गदर्शनपर व्याख्यान हवे असते आणि साहित्याचे नको असते. जुने सभासद नाराज होतात. मला ही नाराजी पटत नाही. रोज आठ तास ग्रंथालयात बसणारा असा वाचक या संस्थेच्या आजवरच्या आयुष्यात कधी नव्हता. त्याला चालू घडामोडींच्या तासात भवभूती ऐकवता येतो, ताम्रपटासह. फक्त तो तास परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ठेवू नये.

कचारगडच्या माघ पौर्णिमेच्या यात्रेत देशभरातले गोंड बांधव येतात आणि तिथे गोंडी भाषा-संस्कृतीवरची पुस्तके पसाऱ्यावर मांडून विकली जातात. सालेकसा तालुक्यातला हा सर्वांत मोठा पुस्तकबाजार म्हणावा लागेल. जिल्ह्यातल्या किती मान्यताप्राप्त ग्रंथालयांनी त्या पसाऱ्यावरून पुस्तक विकत घेऊन दाखल नोंदवहीत चढवले, हे ज्याने त्याने आपल्या वहीत पाहावे. पावती मिळत नाही ही अडचण खरी आहे. ती सोडवता येण्यासारखीही आहे.

राहता राहिली व्याख्यानाची नोंद. एक वेगळी वही पुरेल. रकाने असे : अनुक्रमांक, तारीख, वक्ता, विषय, भाषा, उपस्थिती, त्यांपैकी स्त्रिया, खर्च, तो कुणी दिला, वक्त्याने उल्लेखिलेली पुस्तके, त्यांपैकी आपल्या संग्रहात असलेली, आणि सर्वांत रुंद रकाना श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांचा. आभारप्रदर्शन सुरू असतानाच ती भरावी, नंतर कुणी भरत नाही. उल्लेखिलेली पण संग्रहात नसलेली पुस्तके पुढच्या खरेदीच्या यादीत आपोआप जातील. दोनशे पानी वही, किंमत साठ-सत्तर रुपये. वेतनेतर खर्चात लेखनसामग्रीच्या सदराखाली बसते, लेखापरीक्षक हरकत घेत नाहीत.